डोकी मोजणं थांबवा, हिशेब वाचा



नाताळच्या मेळाव्यात मैदानावरच्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या आणि त्याची शिक्षा जे आले त्यांना मिळाली. मिस्सा संपताच लाउडस्पीकरवरून आपल्याला सुनावलं गेलं. तुमची श्रद्धा आटली. तुम्ही मोबाइलच्या नादी लागलात. घराघरातल्या प्रार्थनासभांना जाता, पण इथं यायला तुम्हाला जड होतं. मिशनने शाळा दिली, दवाखाना दिला, आणि तुम्ही वर्षातला एक दिवस देऊ शकत नाही! पालम, सोनपेठकडच्या खेड्यांतून दोन गाड्या बदलून आलेल्या म्हाताऱ्या बाया पुढच्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी मान खाली घालून हे सगळं ऐकून घेतलं. फोटोवाल्याला मात्र सूचना होती की रिकाम्या खुर्च्या फोटोत येऊ द्यायच्या नाहीत.

आपली जुनी गाऱ्हाणी मी या पत्रकात उगाळत बसणार नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने दलित ख्रिस्ती माणसाच्या तोंडचा घास कसा काढला, 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना मिळालेली अनुसूचित जातीची सवलत आपल्याला का मिळाली नाही, हे आपल्या प्रत्येक घराला पाठ आहे. मला बोलायचं आहे ते आपल्याच पुढाऱ्यांच्या एका खोडीबद्दल. माणसं मोजायची, त्यांना काही विचारायचं नाही, आणि आकडा कमी भरला की त्यांनाच झापायचं, ही ती खोड.

मोबाइलचं कारण आधी निकालात काढू. फेब्रुवारीत परभणीला तुराबुल हक दर्ग्याचा उरूस भरतो, तेव्हा सगळ्या धर्मांची माणसं लोटतात. आषाढी वारीला निघालेली गजानन महाराजांची पालखी शेगावहून परभणी, दैठणा, गंगाखेड करत जाते, तेव्हा गावंच्या गावं रस्त्यावर उभी असतात. त्या लोकांच्या खिशात मोबाइल नसतो का? जिल्हा तोच, दुष्काळ तोच, रिचार्जही तोच. मग श्रद्धा आटली ती फक्त आपलीच, हे कोणी आणि कशावरून ठरवलं?

न आलेली माणसं कुठं होती, हे मी सांगतो. मुकादमाकडून उचल घेतलेल्या ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. गंगाखेड, सोनपेठ, पालम, जिंतूरच्या वस्त्यांवर त्या काळात म्हातारी माणसं आणि त्यांच्याकडे सोडलेली लेकरं तेवढी उरतात. आपली कितीतरी माणसं नाताळच्या रात्री कोल्हापूर, सांगली, बेळगावकडच्या उसाच्या फडात पाचटाच्या कोपीत होती. पहाटे उठून त्यांनी मोळ्या बांधल्या असतील. मुकादम त्यांना माणूस म्हणून मोजत नाही, नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतो. आपल्या व्यासपीठाने त्यांना रिकामी खुर्ची म्हणून मोजलं. मेळाव्याची तारीख ठरवताना कोणी एका तरी तोडणाऱ्याला विचारलं होतं का? नाताळ हलवता येत नाही, हे मला कळतं. पण मेळावा हलवता येतो, पास्काच्या सणानंतर घेता येतो. आणि नाताळच्या आठवड्यात फडावर जाऊन मिस्सा अर्पण करता येते. हरवलेल्या मेंढरामागे रानात जाणाऱ्या मेंढपाळावर ज्यांनी आयुष्यभर प्रवचनं दिली, त्यांना हे वेगळं सांगावं लागतं, याची मला लाज वाटते.

दुसरं कारण उघड बोललं जात नाही. ते आहे भीती. नोव्हेंबर 2024 मध्ये पुदुच्चेरीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती धर्म पाळायचा आणि केवळ आरक्षणासाठी स्वतःला हिंदू म्हणवायचं, ही राज्यघटनेची फसवणूक आहे. जुलै 2025 मध्ये आपल्या विधिमंडळात जाहीर झालं की हिंदू, बौद्ध आणि शीख सोडून इतर धर्मीयांनी घेतलेले अनुसूचित जातीचे दाखले रद्द केले जातील. ज्याच्या पोराची शिष्यवृत्ती, सुनेची अंगणवाडीतली नोकरी किंवा स्वतःचं घरकुल त्या एका कागदावर उभं आहे, तो माणूस त्या दिवसापासून नीट झोपलेला नाही. आणि आपण काय केलं? मेळाव्यात कॅमेरे लावले, आणि संध्याकाळच्या आत सगळ्यांचे चेहरे फेसबुकवर चढवले. एवढी गर्दी जमली, हे वरिष्ठांना दिसलं पाहिजे ना! ज्याचं पोट जाणार तो माणूस घरात दार लावून जपमाळ म्हणतो. त्याला श्रद्धा नाही असं म्हणणाऱ्याने आधी स्वतःची रोजीरोटी पणाला लावून बघावी.

आता हिशेबाकडे येतो, कारण खरा सल तिथं आहे. मेळाव्याची वर्गणी घरटी घेतली जाते. मांडव किती रुपयांचा, जेवणाला किती लागले, पाहुण्यांच्या गाड्यांना किती गेले, शिल्लक काय राहिली, हे कोणी वाचून दाखवलं नाही. आपल्या शेजारच्या कुठल्याही गावात अखंड हरिनाम सप्ताह उठला की मारुतीच्या पारावर वर्गणीचा हिशेब होतो. तिथं पाचशे देणारा आणि पन्नास देणारा दोघंही प्रश्न विचारतात, कधी भांडतातही. म्हणूनच पुढच्या वर्षी दोघंही पुन्हा येतात.

आपल्याकडे हिशेब विचारला की ठरलेलं उत्तर मिळतं: चर्च म्हणजे लोकशाही नव्हे. हे उत्तर देणाऱ्यांनी चर्चचाच कायदा उघडून बघावा. 1983 च्या धर्मसंहितेतलं 212 वं कलम सांगतं की चर्चच्या हिताबद्दल आपलं मत धर्मगुरूंना कळवणं हा भाविकांचा हक्क आहे, आणि कधीकधी कर्तव्यही. 537 व्या कलमाप्रमाणे प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असलीच पाहिजे. 1287 वं कलम तर म्हणतं की भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशेब भाविकांना दिला पाहिजे. ऑक्टोबर 2024 मध्ये रोमला संपलेल्या सिनडच्या, म्हणजे धर्मसभेच्या, अंतिम दस्तऐवजातही वार्षिक हिशेब प्रसिद्ध करण्याची आणि सल्लागार मंडळं बंधनकारक करण्याची मागणी आहे. पोप फ्रान्सिस यांनी तो दस्तऐवज मान्य केला. त्रैक्यावर किंवा संस्कारांवर मतदान घ्या, असं आम्ही कुठं म्हणतो? आम्ही मांडवाचं बिल मागतो आहोत.

दुसरं उत्तर याहून खालच्या पातळीचं आहे: तुम्ही देता ते दहा रुपये, त्याचा कसला हिशेब? विधवेच्या दोन नाण्यांची गोष्ट ज्यांनी वेदीवरून वाचली त्यांच्या तोंडून हे ऐकावं लागतं. दिवसभर निंदणी करून आलेल्या बाईचे दहा रुपये हे तिच्या मजुरीतला तुकडा असतात, बँकेच्या व्याजातून निघालेली रक्कम नव्हे.

तिसरं उत्तर असं: घरातली भांडणं चव्हाट्यावर आणू नका, आपले विरोधक टपून बसले आहेत. विरोधक टपले आहेत, हे खरं. पण उघड्या मैदानावर लाउडस्पीकर लावून आपल्याच माणसांची अब्रू काढली ती मी नव्हे.

या सगळ्याच्या मुळाशी काय आहे, तेही बोललं पाहिजे. भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने डिसेंबर 2016 मध्ये दलितांविषयीचं धोरण जाहीर केलं. त्या वेळी जे आकडे समोर आले ते असे: देशातल्या सुमारे 1 कोटी 90 लाख कॅथलिकांपैकी 1 कोटी 20 लाख दलित, आणि पावणेदोनशेच्या घरातल्या बिशपांमध्ये दलित डझनभर. पहिले दलित कार्डिनल, हैदराबादचे अँथनी पूला, झाले ते 2022 मध्ये. खुर्च्या भरायला दर दहातले सहा आपण, आणि खुर्च्या कुठं, कधी, कशासाठी मांडायच्या हे ठरवणाऱ्यांत पंधरांत एकसुद्धा जेमतेम. 1977 पासूनच्या आपल्या या मराठवाडाभर पसरलेल्या धर्मप्रांतात परभणीच्या वस्तीवरच्या माणसाला तारीख, कार्यक्रम, खर्च यांपैकी एका गोष्टीबद्दल विचारल्याचं मला तरी आठवत नाही. ज्याला ठरवताना बोलावलं नाही त्याने बसायला आलंच पाहिजे, ही सक्ती आहे, आणि ती आपण मोडली पाहिजे.

म्हणून माझी विनंती. मिस्सा सोडू नका. ती प्रभूची आहे, कुणाच्या मेहेरबानीची नाही. सोडायची असेल तर मुकाट्याने वर्गणी देण्याची सवय सोडा. मेळाव्याचे फोटो परवानगीशिवाय काढायचे नाहीत, हे लेखी मागा. अर्थसमितीत ऊसतोड करणाऱ्या घरातली एक बाई आणि एक पुरुष घ्या, असं निवेदन द्या आणि त्यावर सह्या करा. सही येत नसेल तर अंगठा उठवा.

आणि येत्या रविवारी मिस्सा झाल्यावर लगेच घरी निघू नका. थांबा आणि गेल्या मेळाव्याचा हिशेब वाचून दाखवायला सांगा. वाचला, तर पुढच्या मेळाव्याची वर्गणी मी स्वतः दारोदार फिरून गोळा करीन. नाही वाचला, तर माझ्या घरातून एक रुपया मिळणार नाही, आणि तुमच्याही घरातून मिळू नये.

आपला,
एक प्रापंचिक कॅथलिक, परभणी जिल्हा