कांद्याच्या बियाण्याचे आई-बाप कोणाच्या घरी?



कांद्याचे बी आपण पिढ्यान्‌पिढ्या घरी धरतो. आता दुकानात हायब्रीडचे डबे आले आणि आपल्यातच दोन तट पडले. एक म्हणतो, हायब्रीड म्हणजे गुलामी. दुसरा म्हणतो, महाग आहे म्हणजे चांगलेच असणार. डब्यात काय आहे ते दोघांनीही पाहिलेले नाही.

कांद्याच्या एका गोंड्यात शेकडो बारीक फुले आणि एका फुलात फार तर ६ बिया. हाताने पुंकेसर काढून संकर करायचा तर मजुरीतच दिवाळे निघेल. तोड निघाली ती १९२५ साली. कॅलिफोर्नियात डेव्हिस येथे हेन्री जोन्स यांना ‘इटालियन रेड’ जातीचे एक झाड सापडले. त्याच्या फुलांत पराग तयार होत नव्हता. हा गुण आईकडून पुढे जातो. अशा नरवांझ झाडांच्या ओळी आणि शेजारी दुसऱ्या निवडक जातीच्या परागाच्या ओळी लावायच्या. बाकीचे काम मधमाशी करते. वांझ ओळ टिकवायला तिच्यासारखीच, पण पराग देणारी तिसरी ओळ लागते. हायब्रीडचे सारे गुपित या तीन ओळींत आहे.

आपल्याला कांदा हवा, बी नको. म्हणून हायब्रीडच्या पिकात पराग परत आणण्याची कोणाला गरज नसते. गेल्या साली एका गावात हायब्रीडचे निवडक कांदे बियाण्याला लावले. गोंडे भरघोस, आत बी चिमूटभर. दोष फुलकिडीला गेला. खरे तर शेजारच्या शेतातून जेवढा पराग आला, तेवढेच बी धरले आणि तेही भेसळीचे. २००१ च्या कायद्याने शेतातले बी राखण्याचा, पेरण्याचा, ब्रँड न लावता विकण्याचा हक्क आपल्याला दिला. पण गोंड्यात बीच धरले नाही, तर तो हक्क काय चुलीत घालायचा?

हायब्रीडवर बंदी मागणे हा यावरचा उपाय नव्हे. तंत्रज्ञान शेतकऱ्याला हवेच. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने ‘अर्का कीर्तिमान’ आणि ‘अर्का लालिमा’ हे संकरित कांदे काढले आहेत. म्हणजे काही आई-बाप तरी सरकारी संस्थेच्या घरी आहेत. आपली मागणी एकच: कंपनीला ज्या अटींवर या ओळी मिळतील, त्याच अटींवर शेतकऱ्यांच्या गटालाही मिळाव्यात. फुकट नकोत, सबसिडी नको. करार करा, मोबदला घ्या.

मागणाऱ्याची तयारीही हवी. बियाण्याच्या प्लॉटभोवती किलोमीटरभर दुसरा कांदा फुलता कामा नये. हे एकट्याचे काम नव्हे, शिवाराचे आहे. फुलोऱ्यात विषारी फवारा मारून मधमाश्या मारायच्या नाहीत. पराग देऊन झाला की नर ओळी उपटायच्या. ज्या गावाला हे जमेल, त्याने या बैठकीत नाव नोंदवावे. बाकीच्यांनी तोवर ‘एन-२-४-१’सारख्या सरळ वाणाचे बी घरी धरावे, पण तेही अंतर राखूनच.