विश्लेषण : हॉटेलमधले ‘फुकट अपग्रेड’ नेमके कोणाला मिळते? वेरूळ-खुलताबादच्या सहलीत त्याचा उपयोग किती?

खुलताबाद : सलग सुट्ट्या आल्या की वेरूळ लेणी, घृष्णेश्वर आणि खुलताबादचा भद्रा मारुती अशी सहल ठरते. मुक्कामासाठी मोबाइलवर हॉटेल शोधताना ‘हे क्रेडिट कार्ड घ्या, एलिट मेंबर व्हा’ अशा जाहिराती दिसतात. पण एलिट झाले म्हणजे मोठी खोली मिळतेच का?

‘एलिट स्टेटस’ म्हणजे काय?
एकाच हॉटेल समूहात वारंवार राहणाऱ्या ग्राहकाला दिलेला दर्जा. मॅरियटने अशी योजना 1983 मध्ये सुरू केली. आज ‘मॅरियट बॉनव्हॉय’मध्ये एका वर्षात 10 रात्री राहिल्यास सिल्व्हर, 25 ला गोल्ड आणि 50 ला प्लॅटिनम दर्जा मिळतो.

अपग्रेड कोणत्या दर्जाला?
खरी मेख इथेच आहे. सिल्व्हरला खोली अपग्रेडचा लाभ नाही. तो गोल्डपासून सुरू होतो आणि निवडक सुइट प्लॅटिनमपासून. तोही चेक-इनच्या वेळी खोली शिल्लक असेल तरच. एचडीएफसी बँकेचे ऑगस्ट 2023 मध्ये आलेले मॅरियट कार्ड सिल्व्हर दर्जा देते. म्हणजे केवळ कार्डावर मोठी खोली मिळत नाही.

मग हॉटेल अपग्रेड का देते?
स्वस्त खोल्या आधी भरतात, महाग रिकाम्या राहतात. नेहमीच्या ग्राहकाला वरची खोली दिली की खालची पुन्हा विकता येते. हॉटेल भरलेले असेल तर मात्र दर्जाचा उपयोग नाही.

खुलताबादला काय स्थिती?
खुलताबाद-वेरूळ परिसरात मुक्काम मुख्यतः स्थानिक लॉज आणि छोट्या हॉटेलांत होतो. तिथे हे कार्ड चालत नाही. साखळी हॉटेल सुमारे 25 किलोमीटरवरच्या छत्रपती संभाजीनगर शहरात आहेत. उदाहरणार्थ, ताज समूहाचे विवांता. मात्र मॅरियटचा दर्जा ताजमध्ये चालत नाही.

हिशेब जुळतो का?
समजा, गोल्डसाठी 15 रात्री कमी पडतात आणि खोलीचा दर 6,000 रुपये आहे. खर्च 90,000 रुपये. अपग्रेडचा फायदा रात्रीला 1,500 धरला, तर खर्च वसूल व्हायला 60 अपग्रेड लागतील. कंपनीच्या खर्चाने वाळूज, शेंद्र्याला फिरणाऱ्यांना हे परवडते. वर्षातून दोनदा सहलीला जाणाऱ्या कुटुंबाला नाही.

पैसे भरून अपग्रेड घ्यावे का?
आधी कर पाहा. 22 सप्टेंबर 2025 पासून 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर 5 टक्के, त्यापुढे 18 टक्के जीएसटी आहे. 7,000 ची खोली 8,000 ची केली तर बिल 7,350 वरून 9,440 वर जाते. हजाराचे अपग्रेड 2,090 रुपयांना पडते. फुकट मिळालेल्या अपग्रेडने मात्र कर वाढत नाही, कारण तो प्रत्यक्ष आकारलेल्या दरावर लागतो.

तुम्ही काय करू शकता?
बुकिंग हॉटेलच्या स्वतःच्या ॲपवरून करा. इतर ट्रॅव्हल ॲपवरच्या बुकिंगच्या रात्री सहसा मोजल्या जात नाहीत. सदस्यत्व मोफत असेल तर घ्या. शक्य असल्यास रविवारी रात्री राहा. तेव्हा पर्यटक परतलेले असतात आणि कामानिमित्त येणारे अजून आलेले नसतात. सोमवारी वेरूळ खुले असते, अजिंठा बंद, मंगळवारी उलट. काउंटरवर अपग्रेडबद्दल नम्रपणे विचारा. त्याला कोणतेही कार्ड लागत नाही.