ह्या घरची, त्या घरची

2013 साली झी मराठीवर 'होणार सून मी ह्या घरची' सुरू झाली, तेव्हा डोंबिवलीला मावशीकडे रात्री आठची पानं टीव्हीसमोर मांडली जायची. जान्हवी झालेली तेजश्री प्रधान डोंबिवलीचीच, म्हणून कौतुक दुप्पट. पहिल्या दिवशी पडद्यावर नाव उमटलं आणि मावशी वरणाची पळी हातात तशीच धरून गुणगुणायला लागली. मालिकेचं शीर्षकगीत नव्हे. लताबाईंचं, 'कन्यादान' चित्रपटातलं 'लेक लाडकी या घरची'. मालिकेचं नाव त्याच मुखड्याच्या दुसऱ्या अर्ध्यातून आलेलं. गाण्यात 'त्या' आहे, मालिकेनं 'ह्या' केलं, एवढाच फरक.

मला हा फरक लहान वाटत नाही. 'त्या' म्हणणारी मुलगी अजून आईच्या उंबऱ्याच्या आत आहे, सासर तिनं पाहिलेलंही नसेल. 'ह्या' म्हणणारी जान्हवी नायक श्रीच्या घरात सहा सासवांपुढे येऊन उभी राहिली आहे. एका अक्षरानं मुलगी माहेरातून सासरी आली. त्याच सुमारास ई टीव्ही मराठीवर 'लेक लाडकी ह्या घरची' होती. म्हणजे एकाच मुखड्याचे दोन अर्धे दोन वाहिन्यांकडे. आणि ते गाणं लिहिलं कुणी, हे मावशीच्या मजल्यावरच्या एकाही मुलीला सांगता येईना.

लिहिणारे पी. सावळाराम. मूळचे सांगली जिल्ह्यातल्या येडेनिपाणीचे, नाव निवृत्तीनाथ रावजी पाटील. पण हयात ठाण्यात गेली. ठाणे नगरपालिकेचे ते नगराध्यक्षही होते. वसंत प्रभूंची चाल, लताबाईंचा गळा आणि सावळारामांचे शब्द यांनी मराठी घरातलं लग्न, माहेर, पाठवणी सगळं व्यापून टाकलं. आजही मुलगी निघाली की कार्यालयात बँडवाला सावळारामांचंच 'गंगा जमुना' धरतो आणि इतका वेळ आवरून धरलेला बाप खांबाआड जातो.

मालिकांमधल्या घरांत मात्र 'लेक लाडकी' कुणाला ठाऊकच नसतं. मेंदी, हळद, सप्तपदी असे लग्नाचे भाग पंधरा-पंधरा दिवस चालतात, आणि त्या घरातली आजी कधी रेडिओ लावत नाही, आत्या भाकरी थापताना काही गात नाही. आपल्या ठाणे-डोंबिवलीत असं एक तरी घर आहे का? ज्या घराच्या नावातच गाणं आहे, त्या घरातल्या माणसांनी ते ऐकलेलं नसावं, हे मला पटत नाही.

अडचण मी समजतो. नुसत्या शीर्षकावर स्वामित्वहक्क नसतो, सर्वोच्च न्यायालयानं 2015 मध्ये तसं सांगितलं आहे. गाणं वाजवायचं तर परवानगी हवी, पैसे मोजायला हवेत. सावळाराम 1997 साली गेले, त्यांच्या शब्दांवरचा हक्क 2057 अखेरपर्यंत आहे. तो पैसा त्यांच्या वारसांना मिळायलाच हवा. पण नाव घ्यायला पैसे पडत नाहीत. संवादलेखकांनो, आजीच्या तोंडी एवढंच घाला: 'सावळारामांचं गं हे, आपल्या ठाण्याचे.'

मावशीनं त्या रात्री जाहिराती लागल्यावर शेजारच्या मुलीला समोर बसवून दोन कडवी म्हणून दाखवली. मालिका परत सुरू झाली तरी ती मुलगी म्हणाली, 'मावशी, पुढचं?'