कोरियातली इंग्रजीची बाई

परवा उमरेडहून एक ताई माझ्याकडे आल्या. आमच्या बचत गटाच्या जुन्या सभासद. चहा पुढे केला तर कपाला हात लावेनात. पिशवीतून रुमालाची गाठ काढली आणि माझ्यासमोर सोडली. आत दोन पाटल्या. म्हणाल्या, "ताई, ह्या गहाण टाकतो म्हणते. पोरीला कोरियाला जायचं आहे, इंग्रजी शिकवायला. टाकू का?"

पोरगी मला ठाऊक आहे. इंग्रजीत एम.ए., वर बी.एड. गावातल्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकवते, पगार महिना आठ हजार. सुटीच्या दोन महिन्यांचा तोही नाही. एका एजंटने साडेतीन लाख मागितले होते आणि पंचवीस हजार 'टोकन' म्हणून घेऊनही झाले होते. तो म्हणाला होता, आधी टुरिस्ट व्हिसावर जा, तिथे पोहोचलं की शाळाच वर्क व्हिसा करून देते.

मैत्रिणींनो, कोरिया आपल्या घरात आधी फ्रिज आणि टीव्ही बनून आला. मग २०२० च्या टाळेबंदीत मालिका होऊन आला. आता कॉलेजातल्या पोरी एकमेकींना 'अन्न्योंग' म्हणतात नि आपण त्यांच्या तोंडाकडे बघत राहतो. मालिका बघायला माझी ना नाही, मीही दोन बघितल्या. पण तिथे इंग्रजीची बाई होऊन राहणं काय असतं, ते मालिकेत दिसत नाही. म्हणून थोडं खोदून पाहिलं.

पहिली गोष्ट म्हणजे कोरियात इंग्रजी शिकवायला 'ई-२' नावाचा व्हिसा लागतो. तो मुळात सातच देशांच्या नागरिकांसाठी आहे. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. या देशांतल्या कुठल्याही विषयाच्या पदवीधराला तो मिळू शकतो. त्याने इतिहास शिकलेला असो की हॉटेल व्यवस्थापन. आणि आपली पोरगी शेक्सपिअर, व्याकरण, अध्यापनशास्त्र सगळं करून उभी, तिला मात्र दार बंद! नागपुरात हिस्लॉप कॉलेज १८८३ पासून आहे, म्हणजे या शहरात इंग्रजी शिकवायला लागून किती पिढ्या झाल्या बघा. तरी पासपोर्टवर जे छापलंय तेच तिथे इंग्रजी ठरतं. मला हे पटत नाही, पण नियम तसा आहे.

मात्र दाराला एक फट आहे, आणि ती एजंटने सांगितलीच नव्हती. भारत आणि दक्षिण कोरिया यांच्यात २००९ साली व्यापक आर्थिक भागीदारीचा करार झाला, तो १ जानेवारी २०१० पासून लागू झाला. त्यात भारतीय नागरिकांना तिथल्या प्राथमिक आणि माध्यमिक शाळांत साहाय्यक इंग्रजी शिक्षक म्हणून जाण्याची वाट ठेवली आहे. अट अशी की पदवीबरोबर इंग्रजीच्या शिक्षकाची पात्रता हवी. म्हणजे अमेरिकन मुलाला जे लागत नाही ते बी.एड. आपल्या मुलीला लागतं. ताईंच्या पोरीजवळ ते आहे! पण आधी तिथल्या शाळेने निवडायला हवं, करार हातात यायला हवा, पदवीवर आणि पोलिसांच्या दाखल्यावर अपोस्टिलचा शिक्का हवा, आणि मग मुंबईतल्या कोरियाच्या वाणिज्य दूतावासाकडे अर्ज. टुरिस्ट व्हिसावर शिकवणं हा तिथे गुन्हा आहे. पकडलं तर दंड, परत पाठवणी आणि पुढची काही वर्षं प्रवेश बंद. पाटल्या तर गेलेल्याच.

आता समजा गेलीच, तर दिवस कसा जाईल? सरकारी शाळेत बाई सकाळी साडेआठला हजर. दारातच चपला काढून आतल्या स्लिपर घालायच्या, हे आपल्याला रुचेल. आठवड्याला साधारण २२ तास शिकवायचं, तेही एकटीने नाही, शेजारी कोरियन शिक्षक असतो. दुपारी मुलांबरोबरच जेवण, थाळीत भात, सूप, किमची. किमची म्हणजे कोबीचं लोणचंच की, असं म्हणून शाकाहारी पोरी हात घालतात, पण त्यात बहुधा खारवलेली कोळंबी नाहीतर माशाचा अर्क असतो. सुटीत मुलं नसली तरी करारातल्या रजेचे दिवस सोडून बाईने रिकाम्या शाळेत टेबलाशी येऊन बसायचं. बाहेर उणे दहा अंश. आपण मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत कूलरला पाणी घालणारी माणसं, आपल्याला ती थंडी कळायचीच नाही. नवा माणूस भेटला की आधी वय विचारतो, कारण वयावरून बोलण्यातला मान ठरतो. घरी ओला कचरा वेगळा, बाकीचा विकतच्या ठरलेल्या पिशवीतच.

खासगी क्लासला तिथे 'हागवॉन' म्हणतात. तिथल्या बाईचं काम दुपारी सुरू होतं आणि रात्री नऊ-दहाला संपतं. सोलमध्ये क्लास रात्री दहानंतर चालवायला बंदी आहे. बंदी घालावी लागली, यावरून काय ते समजा. रात्री दहाला ती खोलीवर येते तेव्हा आपल्याकडे साडेसहा वाजलेले असतात, आई देवापाशी दिवा लावून फोनची वाट बघत असते.

पगार? सरकारी शाळांत महिना साधारण २० ते २७ लाख वॉन. लाख ऐकून हुरळू नका, आपल्या हिशेबाने ते सव्वा ते पावणेदोन लाख रुपयांच्या आसपास होतात. बहुतेक करारांत राहायची खोली मिळते, वर्ष पूर्ण केलं की एक महिन्याचा जादा पगार. आठ हजारांपुढे हे फार आहे, हे मी नाकारणार नाही.

पण एवढा पैसा तिथे इंग्रजीत का ओततात, तेही बघायला हवं. तिथल्या शाळांत १९९७ पासून तिसरीपासून इंग्रजी आहे. आपल्या महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासून आहे, म्हणजे आपण त्यांच्यापेक्षा लवकर सुरू करतो. फरक पुढे पडतो. नोव्हेंबरात त्यांची विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा असते, तेव्हा इंग्रजी ऐकण्याच्या भागापुरती देशभरातली विमानं उतरू किंवा उडू देत नाहीत. २०२४ साली शाळकरी मुलांच्या शिकवण्यांवर तिथल्या आईबापांनी २९.२ लाख कोटी वॉन घातले, म्हणजे आपले जवळजवळ पावणेदोन लाख कोटी रुपये. त्या वर्षी शंभरातली ८० मुलं शिकवणीला जात होती. चार वर्षांच्या पोरांनाही इंग्रजी बालवाडीसाठी प्रवेश परीक्षा घेत होते, आणि त्यावर २०२५ मध्ये तिथे बरीच ओरड झाली. त्याच देशात २०२४ मध्ये एका बाईमागे मुलांचं प्रमाण ०.७५ होतं. एक मूल वाढवणंच परवडेना, तर दुसरं कोण आणेल? कारणं आणखीही आहेत, पण हे एक मोठं. नागपुरात पहाटे साडेपाचला क्लासच्या बसची वाट बघत उभी असलेली पोरं बघते तेव्हा मला काही तो देश फार लांब वाटत नाही.

तर ताईंना मी सांगितलं, पाटल्या गुंडाळून ठेवा. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी लागते. सरकारच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर नोंदणी असलेल्यांची नावं बघता येतात, आणि त्यांना ३० हजार रुपये नि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. या एजंटचं नाव आम्ही दोघींनी बसून शोधलं. सापडलं नाही. पंचवीस हजारांची पावती म्हणून वहीचा एक कागद आहे, त्यावर सही आहे, शिक्का नाही. तो घेऊन येत्या सोमवारी आम्ही पोलीस ठाण्यात जाणार आहोत.

पोरगीही रविवारी येऊन गेली. व्हिसाच्या अटी वाचल्या, बी.एड.च्या प्रमाणपत्राच्या प्रती काढून ठेवते म्हणाली. रडली वगैरे नाही. निघताना दारात थांबून एवढंच म्हणाली, "काकू, एजंट खोटा निघाला हे बरंच झालं. पण मी एम.ए., बी.एड. आहे, आणि आपल्या गावात मला वीस हजार देणारी शाळा कोणती, तेवढं शोधून द्याल का?"

मी तालुक्यातल्या तीन शाळांत विचारलं. एक नऊ हजार म्हणाली, एकीने आधी वर्षभर बिनपगारी काम करून दाखवा असं सांगितलं. तिसरीचा फोन अजून यायचा आहे.