पहिल्या डॉक्टरची बढती

एमबीबीएस होऊन बाहेर पडणाऱ्या डॉक्टरपुढे महाराष्ट्रात तीन वाटा असतात: शासकीय आरोग्य सेवेत वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू होणे, स्वतःचा दवाखाना काढून जनरल प्रॅक्टिस करणे, किंवा नीट-पीजी देऊन एमडी-एमएसला जाणे. पहिल्या दोन वाटांवर रुग्णाला प्रथम भेटणारा डॉक्टर घडतो, तिसरीवर तज्ज्ञ. समाजाला दोघेही लागतात. पण वैद्यकीय महाविद्यालयात पाऊल ठेवल्यापासून विद्यार्थ्याच्या मनावर ठसते ते एवढेच, की तिसरी वाट ज्यांना साधली नाही त्यांच्यासाठी पहिल्या दोन आहेत. 2014 मध्ये देशात एमबीबीएसच्या 51,348 जागा होत्या. 2024 मध्ये त्या 1 लाख 12 हजारांवर गेल्या. पदव्युत्तर जागा 31 हजारांवरून 72 हजारांच्या पुढे पोहोचल्या. तरी 2024 च्या नीट-पीजीसाठी सव्वादोन लाखांवर डॉक्टरांनी नावे नोंदवली. त्यांतले कित्येक दुसऱ्या-तिसऱ्या वेळी परीक्षा देत असतात. शिकून तयार झालेला डॉक्टर वाचनालयात बसून असतो, आणि त्याच वेळी गावातले प्राथमिक आरोग्य केंद्र डॉक्टरची वाट पाहत असते.

याचे कारण विचारले, की बहुतेकांचे बोट पगाराकडे जाते. पगाराचा हिशेब म्हणूनच आधी पाहावा लागतो. महाराष्ट्रात वैद्यकीय अधिकारी गट-अ या पदाची सातव्या वेतन आयोगातली वेतनश्रेणी 56,100 ते 1,77,500 रुपये आहे. खासगी व्यवसाय न करण्याबद्दल व्यवसायरोध भत्ता, शिवाय महागाई भत्ता आणि घरभाडे धरले, तर नव्या डॉक्टरचे एकूण वेतन महिना लाखाच्या घरात जाते. पंचवीस-सव्वीस वर्षांच्या पदवीधराला एवढे वेतन देणाऱ्या नोकऱ्या राज्यात फार नाहीत. शासकीय महाविद्यालयात शिकलेल्या, घरची शेती असलेल्या मुला-मुलीला ते पुरेसे वाटू शकते. अभिमत विद्यापीठात वर्षाला 20 लाखांहून अधिक शुल्क भरून पदवी घेतलेल्याचा हिशेब मात्र त्यात बसत नाही. शिक्षणाचा खर्च कुणी सोसला, यावर तोच पगार एकाला मोठा आणि दुसऱ्याला अपुरा ठरतो. 1 नोव्हेंबर 2005 रोजी किंवा त्यानंतर रुजू झालेल्यांसाठी जुनी निवृत्तिवेतन योजना बंद झाली, तेव्हा सरकारी नोकरीचे आणखी एक आकर्षण ओसरले.

तरीही मूळ अडचण आकड्यात नाही. ती आहे दहाव्या, पंधराव्या, विसाव्या वर्षी हा डॉक्टर कुठे असेल या प्रश्नात.

प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना 1946 च्या भोर समितीच्या अहवालातून आली आणि 1952 पासून समुदाय विकास कार्यक्रमाबरोबर ती केंद्रे उभी राहू लागली. आजच्या निकषानुसार सपाट प्रदेशात 30 हजार आणि डोंगराळ-आदिवासी भागात 20 हजार लोकसंख्येमागे एक केंद्र असते. तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्याचे काम बाह्यरुग्ण विभागात संपत नाही. बाळंतपणे, लसीकरण, क्षयरोग आणि हिवताप यांचे कार्यक्रम, साथ आली तर घरोघर सर्वेक्षण, आश्रमशाळांची तपासणी, विंचूदंश-सर्पदंश, रात्री येणारे अपघाताचे रुग्ण, शवविच्छेदन आणि त्यानंतर वर्षानुवर्षे येणारी न्यायालयाची समन्से, आषाढी वारीच्या वाटेवरची पथके, आणि या सगळ्याचे अहवाल संगणकावर भरणे. केंद्र जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत, ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्य चिकित्सकाकडे, वैद्यकीय महाविद्यालय तिसऱ्याच विभागाकडे. डॉक्टरला एका ठिकाणचा अनुभव घेऊन दुसरीकडे सहज जाता येत नाही.

वर जाण्याची वाट आहे, पण ती रुग्णापासून दूर नेते. वैद्यकीय अधिकाऱ्याचा तालुका आरोग्य अधिकारी होतो, पुढे जिल्हा आरोग्य अधिकारी, मग परिमंडळाचा उपसंचालक, सहसंचालक, संचालक. प्रत्येक पायरीला स्टेथोस्कोप मागे पडतो आणि फायली वाढतात. वर जागाही कमी होत जातात: जिल्ह्याला जिल्हा आरोग्य अधिकारी एक, आणि साऱ्या राज्यात परिमंडळे आठ. ज्याला उत्तम चिकित्सक म्हणूनच राहायचे आहे, वीस वर्षे एकाच तालुक्यात राहून तिथल्या लोकांचे आजार ज्याने ओळखले आहेत, त्याच्या त्या अनुभवाला सेवेत वेगळे पद नाही.

केंद्र सरकारच्या आरोग्य सेवेत या दुखण्यावर काही उपाय झाला. 2008 मध्ये लागू झालेल्या योजनेने सर्वसाधारण वैद्यकीय अधिकाऱ्यांनाही रिक्त पदाची वाट न पाहता 4, 9, 13 आणि 20 वर्षांच्या सेवेनंतर वरची श्रेणी मिळू लागली. त्यासाठी रुग्णसेवा सोडावी लागत नाही. राज्य शासनाच्या सेवेत सर्वसाधारणपणे चालणारी आश्वासित प्रगती योजना 10, 20 आणि 30 वर्षांच्या टप्प्यांची आहे. एकच पदवी असलेले दोन डॉक्टर, एक केंद्र सरकारच्या दवाखान्यात आणि एक मेळघाटातल्या आरोग्य केंद्रात. यांतल्या दुसऱ्याने अधिक सोसावे आणि त्याची गती मंद असावी, हे न्याय्य नाही.

2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि त्यातून कंत्राटी डॉक्टरांचा वर्ग तयार झाला. अकरा महिन्यांच्या करारावर काम करणाऱ्याला बढती नाही, निवृत्तिवेतन नाही आणि पुढच्या वर्षाची शाश्वतीही नाही. तज्ज्ञ मिळत नाहीत म्हणून काही ठिकाणी डॉक्टरनेच आपला दर सांगावा आणि शासनाने तो द्यावा, अशीही पद्धत आली. त्यामुळे एकाच छताखाली कायम अधिकाऱ्यापेक्षा कंत्राटी तज्ज्ञाला जास्त पैसे आणि कंत्राटी वैद्यकीय अधिकाऱ्याला कमी, असे चित्र दिसते. एवढे करूनही 2021-22 च्या केंद्रीय आकडेवारीनुसार देशातल्या ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रांत गरजेच्या सुमारे 80 टक्के तज्ज्ञांची उणीव होती.

बंधपत्राचा उपाय जुना आहे. महाराष्ट्रात शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्याने एक वर्ष सेवा द्यायची, नाहीतर 10 लाख रुपये भरायचे. पदव्युत्तरसाठी ही रक्कम 50 लाख आणि अतिविशेषोपचारासाठी 2 कोटी. बंधपत्रामुळे जागा वर्षभर भरते. नंतर डॉक्टर जातो आणि गावाला पुन्हा नवा चेहरा मिळतो. सेवेतल्या डॉक्टरांसाठी पदव्युत्तर जागा राखून ठेवण्याचा राज्यांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 31 ऑगस्ट 2020 रोजी मान्य केला. ग्रामीण सेवेला मिळालेले हे सर्वांत मोठे प्रोत्साहन आहे आणि ते योग्यच आहे. पण त्याची दिशा लक्षात घेतली पाहिजे: प्राथमिक आरोग्य केंद्रात चांगले काम करणाऱ्याला मिळणारे बक्षीस म्हणजे ते केंद्र सोडण्याची संधी.

जनरल प्रॅक्टिशनरची गोष्ट वेगळी. त्याला वरिष्ठ नाही, बदली नाही, बढतीही नाही. पहिल्या दिवशी तो जे असतो, तेच पस्तीस वर्षांनी असतो. वाढतो तो लोकांचा विश्वास. महाराष्ट्रात पिढ्यान् पिढ्या फॅमिली डॉक्टर तपासणी आणि औषध यांचे मिळून एकच पैसे घेत आला. कंपाउंडरने बांधलेल्या पुड्या आणि खुणेची पट्टी चिकटवलेली मिक्श्चरची बाटली हा त्या व्यवहाराचा भाग होता. सल्ल्याची वेगळी किंमत लोकांनी कधी मोजली नाही, आणि तिथेच या व्यवसायाचे अर्थकारण कायमचे कमकुवत राहिले. फी ठरते वस्तीच्या ऐपतीवर. गाळ्याचे भाडे मात्र वस्ती पाहून थांबत नाही. शहरातल्या नव्या डॉक्टरला जागेची अनामत, भाडे आणि पहिली काही वर्षे रिकामी बाके, हे सगळे स्वतःच्या बळावर निभवावे लागते. आजारी पडला तर त्या दिवशीची कमाई बुडते. शिवाय त्याच गल्लीत आयुर्वेद आणि होमिओपॅथीचे पदवीधरही ॲलोपॅथीची औषधे देत असतात. राज्यात त्याला कायद्याने बरीच मुभा आहे. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते असा निर्णय दिला. रुग्णाच्या हक्काच्या दृष्टीने तो आवश्यक होता. पण एकट्याने दवाखाना चालवणारा डॉक्टर त्यानंतर जोखीम घेण्याऐवजी चिठ्ठी देऊन मोठ्या रुग्णालयाकडे पाठवू लागला.

त्या चिठ्ठीच्या मागे कट प्रॅक्टिस आली. तपासणीची फी अपुरी आणि रुग्ण पाठवल्याचा मोबदला भरपूर, अशी रचना झाली की प्रामाणिक डॉक्टरच तोट्यात जातो. महाराष्ट्र शासनाने 2017 मध्ये माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा करवून घेतला. शिक्षेची तरतूद हवीच. पण पहिल्या डॉक्टरचे उत्पन्न सरळ मार्गाने पुरेसे होत नाही, तोवर केवळ शिक्षेने हा व्यवहार थांबणार नाही.

या दोन्ही वाटांवर काय घडू शकते, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या कामातून दिसते. 1976 मध्ये रायगड जिल्ह्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ते रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले, दगावताना त्यांनी पाहिली, रात्र-रात्र खाटेशेजारी बसून लक्षणे टिपली. 1982 मध्ये त्यांचे निरीक्षण 'लॅन्सेट'मध्ये आले आणि पुढे प्रॅझोसिन या रक्तदाबाच्या साध्या औषधाने दंशाचे मृत्यू झपाट्याने कमी करता येतात, हे त्यांनी दाखवून दिले. नंतर ते महाडला खासगी व्यवसाय करू लागले आणि संशोधन तिथूनही चालू राहिले. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पहिल्या डॉक्टरच्या खुर्चीतून जागतिक दर्जाचे ज्ञान निर्माण होऊ शकते, याचा हा पुरावा आहे. मात्र असे काम करणाऱ्याला वेळ, सहकारी आणि पद मिळवून देणारी व्यवस्था आपण अजून उभारलेली नाही.

ब्रिटनने हा प्रश्न अगोदर अनुभवला. 1948 मध्ये तिथे राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली, तेव्हा रुग्णालयातले तज्ज्ञ पगारी झाले आणि जनरल प्रॅक्टिशनर स्वतंत्र राहून नोंदवलेल्या रुग्णामागे ठरावीक रक्कम घेऊ लागले. काही वर्षांतच त्यांचे उत्पन्न आणि मान दोन्ही घसरले. 1965 मध्ये हजारो डॉक्टरांनी आपले राजीनामे लिहून संघटनेच्या हाती दिले. तेव्हा सरकारने नवा करार केला: दवाखान्याची जागा आणि कर्मचारी यांच्या खर्चाचा मोठा वाटा शासन उचलू लागले, एकत्र काम करणाऱ्या डॉक्टरांना उत्तेजन मिळाले. पुढे जनरल प्रॅक्टिससाठी तीन वर्षांचे स्वतंत्र प्रशिक्षण सक्तीचे झाले. आज तिथेही तक्रारी आहेत, रांगा आहेत. तरी फॅमिली डॉक्टर होणे ही तिथे विचारपूर्वक निवडलेली विद्याशाखा आहे.

अशा व्यवस्थेची ओळख मुंबईला नवी नाही. कामगार राज्य विमा योजनेत गिरणगावातले जनरल प्रॅक्टिशनर पॅनेल डॉक्टर म्हणून नोंदवलेले असत आणि त्यांना त्यांच्या यादीतल्या कामगारांमागे ठरावीक रक्कम मिळे. गिरण्या बंद पडल्या तशा त्या याद्याही आटल्या. पण शासनाचा पैसा आणि खासगी फॅमिली डॉक्टर यांची सांगड आपल्याच शहरात घालून झालेली आहे, हे आज धोरण ठरवणाऱ्यांनी विसरू नये.

2017-18 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार रुग्णालयात दाखल न होता घेतलेल्या उपचारांपैकी सुमारे 30 टक्के शासकीय ठिकाणी झाले आणि 43 टक्के खासगी दवाखान्यांत. म्हणजे देशाच्या आजारपणाचा मोठा भार आजही दवाखान्यातल्या डॉक्टरवर आहे. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने आरोग्यावरच्या सरकारी खर्चाचे दोन तृतीयांश प्राथमिक आरोग्यासाठी राखण्याचे मान्य केले. त्या पैशातून महाराष्ट्राने दोन गोष्टी कराव्यात. प्राथमिक आरोग्य केंद्रात राहूनच वरची श्रेणी आणि वरिष्ठ चिकित्सकाचे पद मिळेल, असा बढतीचा नियम करावा. आणि वस्तीतल्या फॅमिली डॉक्टरशी शासनाने नोंदवलेल्या कुटुंबांमागे रक्कम देण्याचा करार करावा. फॅमिली मेडिसिनचे पदव्युत्तर शिक्षण प्रत्येक शासकीय महाविद्यालयात सुरू झाले, तर या दोन्हींसाठी माणसेही मिळतील. पुढच्या अर्थसंकल्पात यातल्या पहिल्या मागणीसाठी तरतूद व्हायला हवी. वाचकांनी आपल्या आमदाराला ती मागणी करायला सांगावे.