नागरिकशास्त्र वॉर्डापासून शिकवा

वाराणसी महापालिकेचे 100 वॉर्ड आहेत आणि महापौर थेट मतदार निवडतात. पण गल्लीतले सांडपाणी गंगेकडे वाहत असेल तर जाब कुणाला विचारायचा, हे दहावीच्या मुलाला उमगत नाही. राज्यसभेची सदस्यसंख्या त्याला तोंडपाठ असते. मात्र घराचा नकाशा विकास प्राधिकरण मंजूर करते आणि 2021मध्ये स्थापन झालेले पोलीस आयुक्तालय महापौरांच्या नव्हे, राज्य सरकारच्या अखत्यारीत आहे, ही वाटणी त्याला कुणी सांगितलेली नसते. 74व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत शहरांसाठी 18 विषय नोंदवले, पण त्यांतले किती सोपवायचे हे राज्यांच्या मर्जीवर ठेवले. नागरिकशास्त्राचे मर्म या फटीत आहे.

वॉर्डापासून शिकवल्याने वर्गात राजकारण शिरेल, ही पालकांची भीती अगदीच निराधार नाही. तरीही काम कोणत्या पक्षाने केले हा एक प्रश्न आणि ते कुणाचे कर्तव्य होते हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात मिळते. अभ्यासक्रम फुगेल हा आक्षेप त्याहून कच्चा. ओझे हलके करण्यासाठी एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून ‘लोकशाहीची आव्हाने’ हे प्रकरणच गाळले (गाळायला नेमके हेच सापडले!). खरे ओझे पाठांतराचे आहे. ते कमी करून परीक्षेत वॉर्डातील एखाद्या तक्रारीवर माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला सांगावा. बारावीतली बरीच मुले लगेचच मतदार होतात, आणि अनेक शिक्षक निवडणुकीत मतदान केंद्रे सांभाळतात. शिकवायला माणसे शोधावी लागणार नाहीत.