फेणीची लाज कशाला?

मध्यंतरी ग्वाल्हेरला जाण्याचा योग आला. नई सडकेवर एका मराठी घरी उतरलो होतो. जयविलास महालातली, जेवणाच्या टेबलावरून पाहुण्यांपुढे मद्य फिरवणारी शिंद्यांची चांदीची आगगाडी पाहून आलो. रात्री यजमान हसत म्हणाले, "गोव्याहून आलात, फेणी नाही आणलीत?" मी उगीचच ओशाळलो.

स्पेनमधल्या हेरेसचा माणूस ओशाळला नसता. तिथली फिनो शेरी कोरडी, फिकट, सुमारे 15 टक्के मद्यार्काची. पिंपात तिच्यावर यीस्टची साय धरते. तिला ते 'फ्लोर' म्हणतात, म्हणजे फूल. त्या सायीमुळेच तिला बदामाचा, ताज्या पावाचा वास येतो. जेवणाआधी, थंडगार, सोबत खारे बदाम, ऑलिव्ह किंवा तळलेली मासळी.

आपल्या हुर्राकाची ताकदही जवळपास तेवढीच. काजूच्या मोसमात लिंबू, मीठ, हिरवी मिरची आणि शेजारी सुंगटांची किसमूर! काजू फेणीला तर 2009 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तरी आपल्या घरांत ती पोटदुखीचे औषध म्हणून कपाटामागे, आणि पाहुण्यांपुढे गोड 'पोर्ट वाईन'. नावही पोर्तुगालचे!

कोणी प्यावी असा माझा आग्रह नाही. पण ज्यावर आपल्या बागायतदारांचे घर चालते, त्याची लाज तरी का बाळगावी?